हौदातला गाळ

दादाराव तायडेला मार नवा नव्हता. गावात पाण्यावरून बापाला झालेली मारहाण त्याने लहानपणी पाहिली होती. दिल्लीत झोपडीवर बुलडोझर आला तेव्हा पोलिसाची काठी स्वतःच्या पाठीवर घेतली होती. झोपडी गेली. बायको गंगुबाई भावाच्या सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात पथारी टाकून राहू लागली आणि भावजयीची बोलणी खाऊ लागली. दादाराव गुडगावच्या नव्या सेक्टरांत मिळेल ते गवंडीकाम करी आणि काम असेल तिथेच झोपे.

हेमलताबाईंची कोठी अशाच एका सेक्टरात होती. नवरा अधिकारी होता, तो वारला, बाई एकट्या. कोठीमागच्या बागेत सिमेंटचा हौद होता. पूर्वी तिथे शेत होतं, म्हशी त्यावर पाणी पीत. साहेबांनी त्यात कमळं लावली, मासे सोडले. ते गेल्यावर हौदाकडे कुणी फिरकलं नाही. भिंतीत पिंपळाचं मूळ घुसलं, तळाला भेगा पडल्या, वर हिरवी साय, खाली मांडीपर्यंत गाळ.

"नवं बांधायला माझ्याकडे पैसा नाही, दादाराव," बाई म्हणाल्या. "आहे त्यातच नीट करा. पाणी टिकलं तर गॅरेजमागची खोली तुमची. गंगुबाईंना घेऊन या."

एवढ्या एका बोलण्यावर त्याने काम धरलं.

आधी मूळ. वरून कापलं तर पिंपळ दुप्पट जोराने फुटतो. भिंत फोडून आतवर जावं लागतं. छिन्नी चालवून त्याच्या बोटांची सालं निघाली, तेव्हा मूळ हाताला आलं. ते त्याने पाय लावून उपटलं. मग गाळ. जिवंत मासे जुन्या पाण्यासकट पिंपात टाकले. काही फावड्याखाली चिरडले. एक दिवड, पाणसाप, अंगावर आली, तिचे दोन तुकडे झाले. गाळ घमेल्याने वर चढवायचा आणि गुलाबाच्या वाफ्यात पसरायचा. खत विकत घ्यायला नको. अंग काळं होऊन गेलं होतं.

अशात कुंपणभिंतीपाशी शेजारचा बलवान येऊन उभा राहिला. सेक्टर ज्यांच्या शेतांवर उभा राहिला, त्यांतला हा. शेताचा पैसा आला, ट्रॅक्टर आला, आणि गल्लीतलं बांधकाम आपल्याला विचारल्याशिवाय कुणी करायचं नाही, हा कायदा त्याने लाठीने घातला होता. हौदही त्याच्या बापानेच बांधलेला. मागे त्याचे मजूर आणि गल्लीतले चारदोन रिकामटेकडे होते. कुणाला विचारून उतरलास, असं त्याने दरडावून विचारलं.

दादारावची हिंदी म्हणजे 'है' जोडलेली मराठी. त्याने फावडं न थांबवता सांगितलं, "पहले पूरा गाळ काढूंगा. फिर बात."

बलवानचा चेहरा बदलला. "किसकी गाळ काढेगा?"

"तुम्हारे बाप के टैम का है. सब काढूंगा, जरा नहीं छोडूंगा."

आपल्याकडे गाळ म्हणजे तळाचा चिखल. हरियाणवीत गाळ म्हणजे शिवी, आणि गाळ काढणं म्हणजे शिव्या घालणं. दादारावला हे ठाऊक नव्हतं. बलवानला दुसरं काही ठाऊक नव्हतं.

बलवान भिंत ओलांडून आला. पहिली लाठी दादारावच्या कानशिलावर बसली. दुसरी त्याने हाताने धरली आणि ओढली, तसा बलवान तोंडावर हौदात आला. मग दादाराव त्याच्या मानेवर बसला. बलवानचं तोंड त्याने गाळात दाबलं आणि दाबून धरलं. सोडायचा विचार त्याच्या मनात नव्हता. बापाला लोक मारत होते तेव्हा जे हात उचलले गेले नव्हते, ते आता उचलले होते. बुडबुडे येत होते, ते कमी होत चालले.

बलवानचा म्हातारा बाप काठी टेकत आला आणि तीच काठी त्याने दादारावच्या पाठीत घातली. दादारावची पकड सुटली. बलवान ओकत उठला. दोन दात गेले होते. हा तुला गाळ काढत होता, असं त्याने बापाला सांगितलं.

दादारावने ओंजळभर चिखल उचलून म्हाताऱ्यापुढे धरला. "ये. इसको हम लोग गाळ बोलते हैं."

म्हातारा चिखलाकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. "सारी उमर गाळ खाई, आज हाथ में देख ली," तो म्हणाला. भिंतीवरचे लोकही हसले.

ते हसले नसते तर बरं झालं असतं. बलवानला आता शब्द कळला होता. पण दात गेले होते आणि गल्ली हसत होती. कडेला पडलेली पहार त्याने उचलली आणि दादारावच्या उजव्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज बाईंनी वरच्या गच्चीत ऐकला.

सरकारी दवाखान्यातून दादाराव प्लास्टर घालून परत आला. बाई म्हणाल्या, राहू द्या आता, हा माणूस मला इथे जगू देणार नाही. तुम्ही गावाला जा.

"बाई, तुम्ही पाणी टिकलं तर म्हणाला होता. हात टिकला तर म्हणाला नव्हता."

त्याने डाव्या हाताने छिन्नी धरली. हातोडा धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून छिन्नीच भेगेत आपटायची. भेग तोंडाला अरुंद आणि आत रुंद कोरली, म्हणजे भरलेला माल निसटत नाही. सेक्टरात पाडलेल्या एका घराच्या विटा भिंतीत बसवल्या. ओली पोती टाकून तळ ओला ठेवला. पहिलं पाणी फेकून दिलं, नव्या सिमेंटच्या चुन्याने मासे मरतात. काम करताना भिंतीपलीकडून विटा येत. एक पाठीत बसली. त्याने ती उचलून बाजूला ठेवली.

हौद पुन्हा भरून त्याने काठावर पाण्याची बादली ठेवली. उन्हाने दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं, म्हणजे हौद गळत नव्हता. बाईंनी वाकून दोन्ही पाहिलं. मग बलवानच्या घराकडे पाहिलं. शेवटी पदराची गाठ सोडून त्यांनी खोलीची किल्ली त्याच्या डाव्या हातात दिली.

हात वाकडाच जुळला. घमेलं डोक्यावर चढवणं कायमचं संपलं, आणि गवंड्याच्या हाताखालीसुद्धा त्याला कुणी घेईना. गंगुबाई वळकटी घेऊन आली, तेव्हा दारापाशी भिंतीवरून आलेल्या विटा रचलेल्या होत्या. तिने त्यांतल्या चांगल्या निवडल्या, चूल मांडली आणि दार आतून लावून घेतलं.