मासा काय लेबल वाचतो?

आमच्या कारखान्यात मालापेक्षा किस्से जास्त निघतात. मुक्त व्यापार कराराचं भूत शिरल्यापासून तर विचारूच नका, तिन्ही शिफ्टमध्ये उत्पादन चालू! आम्ही तारापूरला मासेमारीची नायलॉन जाळी बनवतो. मी चेकिंगला सुपरवायझर, हाताखाली सगळ्या पालघरकडच्या माहीम-सफाळ्याच्या बायका. बाहेरची जाळी स्वस्तात आली तर आमच्या नोकऱ्या जाणार, हे प्रत्येकीला ठाऊक. माहीमच्या रंजनाला जरा जास्तच. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तिच्याच पगारावर घर चालतं.

*

कँटीनमध्ये एकदा करारावरून अशी जुंपली की सगळ्यांच्या चहावर साय धरली. घसे फोडून झाल्यावर रंजनाने साधं विचारलं, करार नक्की कुठल्या देशाशी आहे? तिघांनी चार देश सांगितले. युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "देश कुठला पण असूं दे, आपला विरोध हाय!" मी कपाळावर हात मारला.

*

मग गेट मीटिंगला नेते आले. भूमिपुत्रांच्या नोकऱ्या, हा विषय. समोर अर्धे लोक बोईसरच्या चाळींतले, यूपी-बिहारचे. त्यांनाही कळावं म्हणून नेते हिंदीत शिरले, "यहाँ सिर्फ लोकल आदमी को काम मिलना चाहिए!" सगळ्यात जास्त टाळ्या त्या यूपी-बिहारवाल्यांनीच वाजवल्या.

*

मॅनेजरने पडदा लावून करार समजावला. बाजारपेठ खुली होणार, आपला माल सातासमुद्रापार जाणार, वगैरे वगैरे. रंजना उभी राहिली.

"माल जाईल तवा जाईल साहेब. आमी ऱ्हाणार का नाय?"

साहेबांनी प्रश्न फार छान असल्याचं सांगितलं आणि पुढची स्लाइड लावली.

*

कहर केला तो रंजनाच्या नवऱ्याने. ही परदेशी मालाविरुद्ध फलक धरून गेटवर उन्हात उभी, आणि हरेशने त्याच दिवशी पालघरहून परदेशी जाळं आणलं. स्वस्त पडलं म्हणे! ही भांडली तर वर तिलाच ऐकवतो, "मासा काय लेबल वाचून येतो?" दुसऱ्या दिवशी तिने डबासुद्धा उघडला नाही. असा संताप आला मला, त्याला त्याच जाळ्यात गुंडाळून ठेवावंसं वाटलं.

*

शेवटी व्हायचं ते झालं. विणायची मशीनं प्लास्टिकने झाकली, मशीनवरचे लोक घरी गेले. मालकांनी परदेशातून तयार जाळी मागवली. आमचं खातं तेवढं राहिलं. काम सोपं, आलेलं लेबल कापायचं आणि आपलं शिवायचं. एकही भगिनी घरी बसली नाही म्हणून नेत्यांनी येऊन हार घालून घेतला.

होड्या पाण्यात उतरायच्या आधी हरेशला उपरती झाली. बायकोचा रुसवा काढायला मुद्दाम महागाचं, आमच्या कारखान्याचं जाळं घेऊन आला. मी तेव्हा तिच्याकडेच बसले होते. त्याने ते ओटीवर पसरलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या.

"हात लावून बघा, लगेच फरक कळते! आता परदेशी कवा घेणार नाय. ह्यात माझ्या बायकोची मेहनत हाय."

रंजनाने लेबल उलटं करून पाहिलं.

"हाय," ती म्हणाली. "टाका माझाच हाय."