टिंकल आणि ठोक

बाविसाव्या वर्षी आपल्याला इंग्रजी येते असे मला वाटायचे. सावली तालुक्यातल्या एका खेड्यात पाचवीच्या पोरांना ए-बी-सी-डी शिकवायला मी चंद्रपुराहून आले, तेव्हा माझ्या पत्र्याच्या पेटीत दोन लुगडी, चार पातळे आणि शब्दांचे एक बारके पुस्तक होते. त्यात आवाजांचे एक पान होते. पेल्याला पेला लागला की क्लिंक. किल्ल्यांचा जुडगा हलला की जिंगल. ताटे पडली की क्लॅटर. विहिरीच्या साखळीचा क्लँक. आमच्या शाळेत कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो ठोकला की क्लँग. आणि लहान घंटीचा टिंकल, जो माझा सगळ्यात लाडका.

ज्या घरी मी खोली घेतली होती तिथल्या मावशी एकट्याच राहायच्या. मी हातात चमचा घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी वाजवत फिरायची आणि मोठ्याने शब्द म्हणायची. दोन दिवस त्यांनी सहन केले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काऊन वो बाई, भांड्यायले मारून राह्यली? त्यायनं का केलं तुयं?"

"मावशी, मी पाठ तयार करते आहे," मी म्हटले. मी तेव्हा शुद्ध बोलायची. म्हणजे घाबरत नसे तोवर.

मावशींची एक तांबडी गाय होती, भरल्या दिवसांची. पुढच्या महिन्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि तिला दूध पाजायचे ते याच गाईचे, हे मावशींनी कधीच ठरवून टाकले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या तेच सांगत. गाईच्या गळ्यात लाकडी घंटा होती, नारळाच्या कवटीएवढी, आत दोन लाकडी जिभा. मावशींच्या नवऱ्याने ती कोरली होती. तो गेला, घंटा राहिली. ठोक, ठोक, मधेच ठक. माझ्या पुस्तकात हा आवाज कुठेच नव्हता. पुस्तकात नाही म्हणजे तो मागासलेला, असा माझा सरळ हिशेब.

म्हणून मी बाजारातून पितळेची घंटी आणली. लहानशी, चकचकीत. मावशींनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बांध मंग. एवढ्या हौसेनं आनली त."

लाकडी घंटा खुंटीला गेली. दुसऱ्या दिवशी गावची ढोरे शाळेवरून निघाली तेव्हा मी सगळा वर्ग खिडकीशी उभा केला. तांबडी दिसताच बोट केले आणि पस्तीस पोरे एका सुरात ओरडली, टिंकल. गाय दचकली. मी मात्र अशी खुशीत, जशी काही घंटी मीच शोधून काढली.

त्याच्या तिसऱ्या दिवशी ढोरे आखरावर, गावाबाहेरच्या ढोरांच्या तळावर, परत आली. त्यांत तांबडी नव्हती.

गावची ढोरे राखणारा म्हातारा आखरावरच डोके धरून उभा होता. मावशींना पाहून म्हणाला, "बाई, मी आवाजावर ढोरं राखतो, डोळ्यावर नाई. बांबूत का दिसते? दुपारी नाल्याकडं बारीक किनकिन आली. मले वाटलं त्या पल्याडच्या गावच्या शेळ्या होत. मी तिकडं गेलोच नाई."

तेव्हा मला कळले की गावातल्या एकूण एक घराच्या घंटेचा आवाज वेगळा होता. कुणाची सागाची, कुणाची शिवणीची, कुणाची जाड, कुणाची फुटकी. जंगलात कोणती गाय कुठे आहे ते म्हातारा झाडाखाली बसून सांगू शकायचा. त्यातला एक आवाज मी पुसून टाकला होता. गाय विण्याच्या वेळी कळप सोडते, आडोसा शोधते. आणि नाल्यापलीकडे आठवड्याभरापूर्वीच वाघाचे पाय उमटले होते.

"मावशी, माह्यामुळंच झालं वो," मी म्हटले. शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली होती.

मावशी तडक घरी गेल्या, खुंटीवरची घंटा काढली आणि माझ्या हातात दिली. "चाल."

दिवस अजून बांबूच्या शेंड्यावर होता. नाल्याच्या काठाला आम्ही तिघे पोचलो, म्हातारा पुढे, मागे आम्ही दोघी. मी जीव खाऊन घंटा हलवली.

"अवो, गाय का आग लागल्यावानी पळते?" मावशी म्हणाल्या. "चरते तशी वाजव. दोन पावलं चाल. थांब. मान खाली घाल. मंग माशी हाकल."

मग मी चरले. पदर खोचला, घंटा छातीशी धरली, दोन पावले टाकली, वाकले, मान झटकली. ठोक, ठोक, ठक. डी.एड. झालेली, शाळेत पहिल्या नंबराने आलेली मी. म्हातारा दुसरीकडे पाहून खोकत होता, पण मला ठाऊक आहे की तो खोकला नव्हता.

असे पाऊणएक तास चरल्यावर डावीकडच्या बांबूच्या बेटातून आवाज आला. हंबरणेही नाही, घशातल्या घशात हूं केल्यासारखे. मावशींनी माझा दंड धरला. "आणखी एकदा." मी वाजवली. पुन्हा हूं.

तांबडी बेटाच्या आत उभी होती आणि तिच्या पायांशी ओले वासरू उठायचा प्रयत्न करत पडत होते. कालवड होती. मावशी तिथेच खाली बसल्या. पदराने वासराचे तोंड पुसू लागल्या. एवढा वेळ त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नव्हता.

म्हाताऱ्याने वासरू खांद्यावर घेतले. गाय त्याच्या मागे, तिच्यामागे आम्ही. तिच्या गळ्यात किनकिन, माझ्या हातात ठोकठोक. दुसऱ्या दिवशी वर्गात एका पोरीने उभे राहून विचारले, "बाई, काल तुमी गाय झाल्या होत्या का?" मी म्हटले, हो, खाली बस.

लाकडी घंटा परत गाईच्या गळ्यात गेली. लेक वेळेवर आली, तिला दूध मिळाले. पितळेची घंटी मावशींनी माझ्या खोलीच्या कडीला बांधली.

"हे काऊन, मावशी?"

"तू कुठी जाते, कधी येते, मले समजाले पायजे," त्या म्हणाल्या. "तू हरवली त तुयासाठी चरत कोन फिरन?"

त्या घरात मी चार वर्षे राहिले. कडी काढली की टिंकल व्हायचे, आणि आतून मावशी विचारायच्या, "आली का वो?"