घोटावड्याच्या स्थळावर पाळत

एकाहत्तराव्या वर्षी मी एका तरण्या पोराच्या मागे लागले, आणि त्याच्या आईने माझ्या सुनेकडे तक्रार केली.

दोष एका मालिकेचा. माझी नात निशा ती मोबाईलवर बघायची. त्यातला देखणा माणूस एका मुलीवर असं प्रेम करतो, की तिच्या घरासमोर लपून उभा राहतो, तिचा पडलेला रुमाल खिशात घालतो, ती कुठे जाते ते वहीत लिहितो. वर म्हणतो, "मी फक्त तिची काळजी करतो." पहिल्या भागाला मी म्हणाले, मेल्याला चपलेनं हाणा. आणि दुसरा भाग लावायला सांगितला. त्याच्या मनात काय शिजतंय ते आपल्याला दिसतं, त्या पोरीला दिसत नाही. मग उठवतं कुणाला? (तांदूळ तसेच सुपात, म्हैस हंबरतेय.)

अशात निशाला घोटावड्याचं स्थळ आलं. योगेश, कारखान्यात कामाला. देखणा, गोड बोलणारा. मला तिथेच धास्ती वाटली. मुलगी बघायला आला, आणि चहा आला तर म्हणतो, "निशाला साखर कमी लागती ना?"

मी सुनेला आत ओढलं. "ह्याला कसं ठावं?"

"आत्याबाई, फोनवर बोलत्यात की दोघं. आपणच नंबर दिला."

"आन् तिचा रुमाल कशाला उचलला?"

"पडला व्हता. दिला की परत."

"आदी वास घेतला का?"

सून पोहे हलवायला गेली.

मुलाची चौकशी करायची रीतच आहे. मी ती जरा मनावर घेतली. सोमवारी एस.टी.ने घोटावडे गाठलं आणि कारखान्यासमोरच्या टपरीवर बसले. निशाची जुनी वही नेली होती. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर चांगलं आहे. 'नऊला आत गेला. एकला बाहेर. वडापाव दोन. फोनवर हसला, कारण कळलं नाही.' मंगळवारी तेच. बुधवारी टपरीवाल्याने न विचारताच चहा पुढे केला.

त्या दिवशी योगेश घराकडे निघाला तशी मी मागे. तो थांबला की मी थांबायचे. एकदा त्याने वळून पाहिलं, म्हणून पाण्याच्या टँकरआड झाले. टँकर निघून गेला.

"आजी, तुमी हितं?"

"मी न्हाई ती," म्हणाले आणि सुटले. वही तिथेच पडली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन. "तुमच्या सासूबाई तीन दिस आमच्या पोरामागं फिरत्यात. आसल्या घरात सोयरीक कशी करायची?"

निशाने ताट सरकवलं. "आज्जी, मला तो पसंत हाय. हे मोडलं तर तुज्याशी कायमचं बोलणं बंद."

त्या पोरीला उभ्या जन्मात मी एवढी घाबरले नव्हते. रविवारी मायलेक आले. आईने वही माझ्यापुढे टाकली. "ह्ये काय हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "मी फक्त पोरीची काळजी करते."

निशाला ठसका लागला. मग योगेशही हसत सुटला. तोही तीच मालिका बघत होता.

"आई," तो म्हणाला, "मी दोन वडापाव खातो हे तुला तरी ठावं व्हतं का?"

लग्न ठरलं. त्याच्या आईने एकच अट घातली, की आजींनी पुन्हा टपरीवर बसायचं नाही. मी लगेच कबूल झाले. आता बसायची गरजही नाही, टपरीवाला सगळं फोनवर कळवतो.