बदकाचं मीठ

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आठवीच्या मुलींना प्रमेय शिकवत होते. दादाच्या साखर कारखान्यातून शाळेच्या ऑफिसात फोन आला होता आणि शिपायाने चिठ्ठी आणून दिली. ‘वहिनी पहाटे गेल्या. लगेच निघा.’ मी चिठ्ठीची घडी घालून डस्टरखाली ठेवली आणि प्रमेय पूर्ण केलं. शेवटची ओळ फळ्यावर लिहिली, मुलींकडून वहीत उतरवून घेतली, एकीला ‘पट्टी कुठंय तुझी?’ म्हणून रागावलेसुद्धा. मग नगरहून कोपरगावची एस.टी. धरली. पोचले तोवर सगळं उरकलं होतं. बायका गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, ताई मोठ्या धीराच्या. कसला धीर न् कसलं काय! आत काही हलतच नव्हतं. कावीळ झाली होती, बारा दिवसांत माणूस गेलं. आता महिना होत आला, अजून हललेलं नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तिला सांगायची होती, ते तर आता जमणार नाही... म्हणून इथे लिहिते.

वहिनी सोनईची. तिचे वडील माळकरी, आणि वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातलेली. आमच्या घरी सगळे खाणारे. लग्नाच्या बैठकीत त्यांनी हुंडा-मानपान काही काढलं नाही, एवढंच म्हणाले, “पोरीची माळ राहू द्या.” आईने शब्द दिला. वहिनीनेही कधी नाक मुरडलं नाही. परसात वेगळी चूल होती, वेगळी भांडी होती, आणि त्या चुलीवर ती असं काही मटण करायची की शेजारचे उगाच काडेपेटी मागायला यायचे. “रांधायला माळ आड येत न्हाई वन्सं, खायला येती,” म्हणायची. चव मात्र घेता यायची नाही. ते काम माझं. मी तिची एकुलती एक नणंद. ती पळीतला रस्सा माझ्या तळहातावर घालायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. “वन्सं, जरा मीठ बघा.” मी भुवया उडवल्या की तिला कळायचं. आम्ही दोघी मिळून एक सुगरण होतो, आणि तिच्या वाटची वाहवा मी बिनदिक्कत खात होते.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी कारखान्यात नवं यंत्र आलं आणि ते बसवायला एक फ्रेंच साहेब आला. दादा फिटर, साहेबाच्या हाताखाली. साहेब महिनाभर गेस्ट हाउसवर उकडलेली अंडी आणि केळी खाऊन राहिला, पार चिपाड झाला. एक दिवस दादाने त्याला विचारलं, तुझ्या गावाकडे काय खातात? तर त्या माणसाने अर्धा तास हातवारे करून आणि कागदावर चित्रं काढून एकच पदार्थ सांगितला. बदकाला रात्रभर मीठ चोळून ठेवायचं, सकाळी धुऊन काढायचं, त्याच्याच चरबीत मंद आचेवर हाडापासून सुटेपर्यंत शिजवायचं. मग कडक भाजलेल्या पावात लोणी लावून त्याचे पातळ पदर ठेवायचे, वर आंबटगोड काहीतरी आणि झणझणीत मोहरी. सांगताना साहेबाचे डोळे भरले म्हणे. दादा घरी येऊन म्हणाला, “रविवारी साहेबाला जेवायला बोलीवलंय.” आई म्हणाली, “येडा का खुळा तू? पाहुण्याला पावाचा तुकडा घालतोस?” वहिनी मात्र तो चित्रांचा कागद चुलीपाशी घेऊन बसली. कुठेही अडली नाही ती. मोहरी? ती तर आपण लोणच्याला फेसतोच. आंबटगोड? मोसंबीचा रस गुळात आटवू. पाव कोपरगावच्या बेकरीतून, लोणी घरचं. बदक दादाने पुणतांब्याहून सायकलच्या कॅरिअरला पाटी बांधून आणलं, ते वाटभर ओरडत आलं.

आता माझं सांगते. मी तेव्हा नुकती बी.ए. झालेली, घरात इंग्रजी येणारी मी एकटी. साहेबाशी बोलायला माझ्याइतकं लायक कोण होतं? चार वाक्यं मी पाठसुद्धा केली होती. शनिवारी रात्री दादा म्हणाला, “तू उद्या पुढं येऊ नको. तुझ्या लग्नाची बोलनी चालू हायेत, लोक काय म्हनतील?” मी वहिनीकडे पाहिलं. ती बदकाला मीठ चोळत होती. मान खाली घालून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या वन्सं, एका दिसाचं तर हाय.” झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (ते स्थळ पुढे मोडलंच, ही गोष्ट वेगळी.) रविवारी मी तोंडाचा चंबू करून परसात बसले. वहिनीने बदक धुतलं आणि चुलीवर चढवताना जन्माच्या सवयीने तिच्या हाताने त्याला पुन्हा हळद-मीठ लावलं. आपल्याकडे मटण हळद-मिठाशिवाय चुलीवर चढतच नाही, हात आपोआप जातो. मी पाहिलं आणि गप्प बसले. चरबी कमी पडली तेव्हा तिने वरून तूप सोडलं. दोन-तीन तासांनी वास असा सुटला की आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली. वहिनीने मांसाचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. “वन्सं, जरा मीठ बघा.” मी भिंतीकडे तोंड केलं, तुकडा मांजरीपुढे टाकला आणि वळून भुवया उडवल्या. “बरोबर आहे.”

काय सुंदर केलं होतं तिने! पावाच्या कडा काढलेल्या, तव्यावर लोण्यात तांबूस भाजलेला, आत बदकाचे पातळ पदर, त्यावर फेसलेली मोहरी, मोसंबीचा तो चकाकणारा पाक आणि मुळ्याची कोवळी पानं. चिनी मातीच्या बशीत तिने ते तिरकं कापून ठेवलं, साहेबाच्या चित्रात होतं अगदी तसं. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. साहेबाने पहिला घास घेतला आणि तो थांबला. मग पाणी प्यायला. पुन्हा घास, पुन्हा पाणी. तीन तांबे पाणी पिऊन त्या भल्या माणसाने सगळं संपवलं आणि छातीवर हात ठेवून मान लववली. दादाने त्यानंतर स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि साहेब गेल्यावर बशी आपटली. “मिठागर केलंय नुसतं! माझी अब्रू घालवलीस.” मी दाराआड उभी होते. वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “माझाच हात चुकला.” मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. बोलले नाही.

आठ दिवसांनी साहेब परत जायचा होता. वहिनीने दादाला सांगितलं, अजून एक बदक आणा. दादा नको म्हणाला, आई नको म्हणाली, पण ती हट्टाला पेटली. “परदेशी मानूस घरून पान्यानं पोट भरून गेला. ते मला लागलंय.” या खेपेला तिने एकदाच मीठ लावलं. मांस हाडापासून सुटलं तशी मी उठले, आपणहून तळहात पुढे केला. मनात म्हटलं, आता तरी नीट चाखू, मग सांगूनही टाकू. वहिनीने माझ्या हाताकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले, गळ्यातली माळ काढली, परसातल्या खुंटीला अडकवली आणि तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. हळूहळू चावला. कसा लागला, ते तिने कधीच कुणाला सांगितलं नाही. साहेबाने तीन सँडविचं खाल्ली आणि बशीला लागलेला पाकसुद्धा बोटाने पुसून घेतला.

वहिनीने माळ पुन्हा घातली नाही. “एकदा तोंड बाटलं, आता सोंग कशाला,” म्हणाली. बातमी सोनईला गेली आणि तिचे वडील आले. ओसरीवरच बसले. ती पाणी घेऊन गेली तर त्यांनी तांब्या हातात घेतला नाही. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. “बाई, तुला तसं वाटलं असंल. पन आता तुज्या हातचं मला चालायचं न्हाई.” तांब्या धरून ती किती वेळ तशीच उभी होती... त्यानंतर ते येत राहिले, पण भाकरी फडक्यात बांधून आणत, पाणी शेजाऱ्यांकडून मागून घेत. आणि ती मला मीठ बघायला कधी म्हणाली नाही. वागण्यात रेसभर फरक नव्हता. केस विंचरून द्यायची, चेष्टा करायची, नगरला नोकरी लागली तेव्हा लाडवांचा डबा बांधून दिला. फक्त पळी माझ्याकडे वळायची थांबली. मला वाटायचं, एकदा म्हणू दे, त्या क्षणी सगळं ओकून टाकीन. मी तिच्या म्हणण्याची वाट बघत राहिले. अशी मी शहाणी! तिच्या वडिलांना हे तोंडाने सांगायची छाती मला अजूनही झालेली नाही. पण रविवारची ही पुरवणी ते चष्मा लावून, मोठ्याने वाचतात. बाबा, तुमच्या लेकीने चवीपायी माळ काढली नाही. चाखायला जिच्यावर विसंबायचं ती खोटं बोलली, म्हणून काढली.

तेराव्याचा स्वयंपाक मी केला. पुरण झालं, कटाची आमटी उकळत होती. पहिलं पान वहिनीच्या नावाचं, आणि नैवेद्याच्या अन्नाची चव घ्यायची नसते, हे मला काय ठाऊक नाही? आई समोर पाटावर बसली होती. मी पळीभर आमटी तळहातावर घेतली आणि चाटली.

“अगं ए, नैवेद्याचं चाखतीस व्हय!” आई ओरडली.

“आई,” मी म्हटलं, “बदकाचं मीठ मी चाखलं नव्हतं. मांजरीला टाकलं. वहिनीची माळ माझ्यामुळे गेली.”

बाहेर माणसं जमायला लागली होती, दादा पाट मांडत होता. मला वाटलं आई आता शिव्या घालील, रडेल, निदान कपाळाला हात लावील. आमटी उतू जायला आली तशी तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

“मग,” ती म्हणाली, “कसं हाय मीठ?”

“कमी आहे.”

आईने मिठाचा सट माझ्याकडे सरकवला.