मास्तरांनी शिवलेली जमीन

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईमशीनवरचे. गल्लीतली लहान-थोर माणसं त्यांना मास्तर म्हणायची, आणि त्यांचं खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असावं. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांची अंगं मापली. माणूस दुकानाच्या पायरीवर चढला, की टेप गळ्यातून काढायच्या आतच त्यांना कळायचं, याचा डावा खांदा उतरता आहे. ते त्याला सांगायचे नाहीत. कोटाच्या डाव्या खांद्यात गुपचूप थोडा जास्त कापूस भरायचे, आणि माणूस आरशासमोर ताठ उभा राहिला की स्वतःशीच खूश व्हायचे. कपडा अंगाबरोबर बसला पाहिजे, हा त्यांचा एकच हट्ट. झोळ दिसला की त्यांना शरम वाटायची, मग तो झोळ दुसऱ्या शिंप्यानं शिवलेल्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या कोणा अनोळखी माणसाच्या पाठीवर का असेना.

तयार कपड्यांच्या दुकानांपुढे त्यांचं दुकान टिकलं नाही. मशीन घरी आलं, पुढच्या खोलीत खिडकीशी बसलं. पडदे, उशांचे अभ्रे, कोणाच्या पँटची चेन, असं काहीबाही चालू राहिलं. दिवस बरे चालले होते.

मग स्वयंपाकघराच्या दारातली ती फरशी आडवी आली. जुनी, डुगडुगणारी फरशी. घरातली दोघंही तिला चुकवून पाय टाकायची, इतकी की ती डुगडुगते हे विसरूनच गेली होती. एका सकाळी बायकोच्या हातात दुधाचं पातेलं होतं, पाय नेमका फरशीच्या कोपऱ्यावर पडला, आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दवाखान्यातून लेक तिला थेट आपल्या घरी घेऊन गेली.

लेक स्वभावानं प्रेमळ, पण बोलायला लागली की मोठ्या साहेबासारखी. "बाबा, आई आता आमच्याकडेच राहील. तुम्हीही या. त्या घरात आहे काय?"

"घर आहे," मास्तर म्हणाले.

बायकोचं म्हणणं एवढंच होतं, की मला माझ्या घरी जायचंय. रोज सकाळ-संध्याकाळ ती ते म्हणायची, औषध घेतल्यासारखं नेमानं. शेवटी लेकीनं अट घातली. "जमीन एकसारखी करून घ्या. वॉकर कुठे अडखळला नाही पाहिजे. मी स्वतः येऊन बघणार, आणि एके ठिकाणी जरी वर-खाली लागलं, तर आईला घेऊन परत येणार. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

मास्तरांना लेकीचा राग आला नाही. राग आला तो त्या फरशीचा, आणि थोडा स्वतःचा.

सगळी जमीन फोडायची तर धूळ, पाणी, गवंडी, महिना-दोन महिने. शेजारी राहणारा निवृत्त वायरमन म्हणाला, "मास्तर, फोडताय कशाला? हल्ली वरून बसवायच्या पट्ट्या मिळतात. लाकडासारख्या दिसतात, पण असतं प्लास्टिक. एकीत एक अडकवत जायचं." तोच त्यांना दुकानात घेऊन गेला.

दुकानातल्या बाई उत्साही होत्या. त्यांनी नमुन्यांचा ढीग मांडला. मास्तरांनी पहिला नमुना उचलला, अंगठ्यानं चोळला, उजेडाकडे तिरका धरला, वाकवून पाहिला. बाई म्हणाल्या, "काका, हे कापड नाहीये."

"पोत तर आहे ना?"

मग त्यांनी खिशातून एक रबरी बूच काढलं. वॉकरच्या पायाला असतं तसं, औषधाच्या दुकानातून आणलेलं. ते एकेका नमुन्यावर दाबून सरकवायला लागले. चकचकीत नमुन्यावर बूच घसरलं, तो बाजूला. एकावर थोडं पाणी शिंपडून पाहिलं, तोही बाजूला. जरा खडबडीत पोताचा एक नमुना राहिला, त्यावर बूच जागच्या जागी थांबलं. मास्तरांनी चष्मा वर सारला.

"पण ही लाकडाची गाठ बघा. या पट्टीवर इथे आहे, आणि त्या पट्टीवर अगदी तिथेच. दोन्ही शेजारी आल्या तर वाईट दिसेल."

"एवढं कोणी बघत नाही हो, काका."

"शर्टाच्या खिशाच्या चौकड्या छातीच्या चौकड्यांना जुळल्यात का, हेही कोणी बघत नाही. पण न जुळवलेला शर्ट गिऱ्हाइकाला देताना माझी मान वर व्हायची नाही."

वायरमन बाईंना म्हणाला, "तुम्ही चहा मागवा. हे आता लवकर उठत नाहीत."

रंगासाठी तिथूनच बायकोला फोन लावला.

"लाकडी रंग आहे," मास्तर म्हणाले.

"कसलं लाकूड?"

"आपल्या कपाटाच्या आतल्या बाजूसारखं."

"आणि म्हणतात काय याला?"

"लक्झरी व्हिनाइल."

"लक्झरी? मग मी पडले ते बरंच झालं म्हणायचं. धूळ दिसते का त्यावर?"

"नाही, अजिबात दिसत नाही."

"मग नको. धूळ दिसली नाही तर तुम्ही झाडणार कधी?"

शेवटी धूळ थोडीशी दिसेल असा रंग ठरला.

दुकानाचा कारागीर पुढच्या महिन्याशिवाय मोकळा नव्हता. लेकीनं आईला आणायचा दिवस ठरवला होता तो त्याच्या कितीतरी आधीचा. मास्तर म्हणाले, "मीच बसवतो. मापायचं आणि कापायचं, यात मला काय शिकायचंय?" बाईंनी सगळं नीट समजावलं. खोकी दोन दिवस खोलीत आडवी पडू द्या. पट्ट्यांचे जोड एका रेषेत आणू नका. आणि भिंतीपासून बोटभर जागा सोडा, चारही बाजूंनी. त्यासाठी प्लास्टिकच्या छोट्या पाचरीही दिल्या.

मास्तरांनी मान डोलावली, पण मनात म्हणाले, बोटभर जागा? ज्याला सरळ कापता येत नाही, त्याच्यासाठी असणार ती.

काम मात्र त्यांनी देखणं केलं. डुगडुगणारी फरशी वायरमननं उचकटली, खाली सिमेंट भरून जागा सपाट केली. मग खिडकीच्या भिंतीकडून पहिली ओळ. मास्तर गुडघ्याखाली उशी घेऊन बसले, शिवणकामाचा खडू कानावर. पट्टीवर रेघ ओढायची, धारदार कटर एकदा फिरवायचा आणि पट्टी मागे वाकवायची की कट्‌कन तुटायची. तो आवाज त्यांना फार आवडला. दाराच्या चौकटीशी वेडंवाकडं वळण होतं, तिथे त्यांनी वर्तमानपत्राचा खाका कापला, तीनदा लावून पाहिला आणि मग पट्टी बेतली. ती चौकटीला अशी बसली, की वायरमन वाकून बघतच राहिला.

"मास्तर, चौकटीला कॉलर लावलीत की हो. जमीन बसवताय का शिवताय?"

"तू पट्टी धर."

"आणि या पाचरी? या भिंतीशी लावायच्या ना?"

"राहू दे. आपल्याला नाही लागत."

प्रत्येक ओळ त्यांनी भिंतीला भिडवली. शेवटची ओळ तर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकून आत बसवली. नख जाणार नाही अशी. वर भिंतीच्या कडेनं स्कर्टिंगची पट्टी मारली आणि मास्तर अनवाणी पायांनी घरभर फिरले. स्वयंपाकघराच्या दारात उगाचच चार वेळा ये-जा केली. लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान दिसतंय. येऊन बघते." एवढंच.

बायको यायच्या दिवशी सकाळपासून ऊन कडक होतं. गॅलरीचं दार उघडं, ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत. मास्तर उशीला नवा अभ्रा घालत होते. वळून बघतात तर खोलीच्या मधोमध जमीन उचललेली. झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा बेताचा फुगवटा. त्यांनी त्यावर पाय दिला. तो खाली गेला आणि हातभर पलीकडे वर आला.

वायरमनला हाक गेली. एक इकडे उभा राहिला, एक तिकडे. फुगवटा दोघांच्या मध्ये.

"तुम्ही जरा जाड असता तर बरं झालं असतं," वायरमन म्हणाला.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी शिलाईमशीन ढकलत आणलं आणि फुगवट्यावर उभं केलं. जमीन दबली.

"आणि वहिनी काय करणार? वॉकर घेऊन मशीनला वळसा घालत बसणार? तुमची लेक विचारणार नाही, मशीन रस्त्यात कशाला म्हणून?"

मास्तरांनी मशीन बाजूला घेतलं. फुगवटा पुन्हा वर आला. त्यांनी दुकानातल्या बाईंना फोन केला. बाईंनी एकच विचारलं, "काका, भिंतीपाशी जागा सोडलीत ना? उन्हानं ती पसरते. तिला कुठेतरी जायला नको का?"

आयुष्यभर मास्तरांनी माणसांच्या कपड्यांत श्वास घ्यायला, हात वर करायला, खाली बसायला जागा सोडली होती. जमिनीलाही ती लागत असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात लेकीचाच फोन. "बाबा, निघालोय आम्ही. गाडीत आहोत."

अजून वेळ होता. आज पाणी नाही, लिफ्ट बंद आहे, काहीही सांगता आलं असतं. मास्तरांना खोटं बोलायचं नव्हतं असं नाही, पण ऐनवेळी सुचलंच नाही. "जमीन फुगलीय गं," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

मग अगदी मऊ आवाजात, आणि त्या मऊपणानंच त्यांना जास्त धस्स झालं, लेक म्हणाली, "मग राहू दे, बाबा. आम्ही वळतो मागे. तुम्हीच सामान बांधा आता."

मागून बायकोचा आवाज आला. "काय झालं? दे इकडे. अहो, घट्ट बसवलीत ना?"

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही कधी काही सैल केलंय? येतेय मी. गाडी वळवू नकोस गं, सरळ घे."

ती आली. दारातल्या खुर्चीत वॉकर पुढ्यात धरून बसली आणि तिनं जमीन नीट पाहून घेतली. लेक तिच्या मागे उभी राहिली, हातात गाडीची किल्ली. वायरमन कोपऱ्यात सरकला.

"रंग चांगला आहे," बायको म्हणाली. "आता उसवा."

शिलाईच्या दुकानात उसवायचं काम तिचं असायचं. स्वतःची टीप स्वतःच्या हातानं काढणं मास्तरांना जमत नसे. ते चहाला म्हणून बाहेर जायचे आणि ते परत येईपर्यंत ती शांतपणे सगळे दोरे काढून कपडा घडी करून ठेवायची.

"सगळी जमीन काढावी लागेल," मास्तर कसनुसे होऊन म्हणाले.

"सगळा कोट कोणी उसवतं का? कडेची टीप काढा फक्त. का मी बसू खाली?"

"आई, तू हलू नकोस!" लेक ओरडली.

मास्तर गुडघ्यांवर बसले. आज चहाला जायची सोय नव्हती. वायरमननं स्कर्टिंग उचकटलं. इतक्या प्रेमानं ठोकलेली शेवटची ओळ मास्तरांनी एकेक पट्टी करून सोडवली. चौथी-पाचवी पट्टी निघाली आणि खोलीच्या मध्यातून लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. फुगवटा सावकाश खाली बसला. लेक नकळत दोन पावलं पुढे आली.

मग चारही भिंती. प्रत्येक कडेला मास्तर खडूनं रेघ मारत, बोटभर कापत, आणि प्रत्येक वेळी फट बघून तोंड वाकडं करत.

"केवढी फट दिसते ही."

"स्कर्टिंगखाली कोण बघणार?" बायको म्हणाली.

"मी."

"तुम्ही मान वर करून चाला. जमिनीकडे बघायला आता मी आहे."

ऊन ऐन भरात असताना लेकीनं परीक्षा घेतली. आईचा वॉकर स्वतः घेतला आणि खोलीच्या मध्यात, खिडकीशी, पलंगापाशी, सगळ्या अंगाचा भार देत दाबून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात ती दोनदा गेली, दोनदा आली. मग वॉकर आईसमोर ठेवला.

बायको उठली. मास्तर हात पुढे करून बाजूनं चालायला लागले.

"अहो, लांब व्हा. तुमच्यातच अडखळेन मी."

ते लांब झाले. वॉकर पुढे, पाऊल, पाऊल. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ती थांबली. पुढचं पाऊल तिला पटकन टाकवेना.

"कुठे होती ती?" तिनं विचारलं.

"इथेच. तुझ्या पायाखाली."

तिनं चपलेतून पाय काढला, अनवाणी पाऊल टेकवलं, इकडून तिकडे फिरवून बघितलं. "कळत नाही," ती म्हणाली, आणि आत गेली. आतून लगेच भांडी हलवल्याचा आवाज आला. "अहो, हा गॅस पुसायचा का राहिलाय?"

लेक बराच वेळ त्या दाराकडे बघत उभी होती. मग किल्ली पर्समध्ये टाकून तिनं बाबांच्या खांद्यावरचा कापल्या पट्ट्यांचा चुरा झटकला.

"उद्या येताना आईचे थोडे कपडे आणते," ती म्हणाली.

"सगळे आण," मास्तर म्हणाले. मग आपण जरा घाईच केली असं वाटून ते भिंतीशी बसले आणि स्कर्टिंगचा खिळा ठोकायला लागले.