खूण दोनदा येते

त्या दिवसांत देवीवरचा माझा विश्वास डळमळला होता, हे आधीच सांगते. गावच्या देवीची जुनी पालखी वाळवीने पोखरली होती. नवी पालखी दहिसरच्या सुताराकडून करून घेतलेली, आणि शिमग्यासाठी ती गावी पोचवायचं काम आमच्या ट्रककडे आलेलं. पालखी वेळेवर गेली नाही तर यंदा देवी घरोघर फिरणार नव्हती. मी मोठ्या आनंदाने हो म्हटलं. आणि मग ट्रक काळा धूर ओकायला लागला, ट्रक चालवणारे माझे यजमान पायरीवरून घसरले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तुझंच काम करतोय ना गं आई, मग हे काय, असं मी रोज दिव्यापुढे विचारत होते.

मेकॅनिकने डिझेल पंप खोलून दुरुस्तीला पाठवला आणि होळीसाठी मुलखाला निघून गेला. पंप दुरुस्त होऊन आला, पण बसवायला कोणी नाही. आजूबाजूची सगळी गॅरेजं बंद. गाडी चालवायला माझा भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. यजमान म्हणाले, "मी सांगतंय, तू बसव. हात तुझे, डोक्यां माझां."

मला मात्र मनातून गंमत वाटत होती. इतकी वर्षं ज्या इंजिनावर घर चाललं, ते आतून मी कधी पाहिलंच नव्हतं. इंजिनचं मोठं चाक फिरवत आम्ही त्यावरची खूण शेजारच्या स्थिर काट्यासमोर आणली, पंपाची खूण जुळवली, बोल्ट आवळले, नळ्या जोडल्या, डिझेलमधली हवा काढली. सेल्फ मारला. इंजिन फिरत राहिलं, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, पण ते पेटलं नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. पंपच खराब दिला असणार, असं म्हणून यजमान मान खाली घालून बसले.

मी उठून, ट्रक उभा होता त्या पार्किंगच्या कोपऱ्यातल्या छोट्या देवळापाशी गेले. तिथे एक कोळीण मासळीची पाटी उतरवून विसावली होती. माझे काळे हात बघून तिने विचारलं, "काय गो बाय, गाडी तू करतंस?"

मी सगळं सांगितलं. तिला भारी उत्सुकता. "यो पंप करतो काय?"

"इंजिनला डिझेल देतो. अगदी बरोबर वेळेला."

"आनि वेल कशी कलते?"

"मोठ्या चाकावर खूण असते. ती समोर आली की तीच वेळ."

"चाक त फिरतंच ऱ्हातं. खून परत परत येत असंल ना? मंग त्यातली खरी कुठली?"

उत्तर न देताच मी धावत गाडीकडे आले. "अहो, ती खूण दोनदा येते का?"

यजमान आधी वैतागले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगो, इंजिनचे दोन फेरे, तेवां पंपाचो एक! आमी दुसऱ्याच फेऱ्यार बसवलो. वरचां झाकण काढून व्हॉल्व बघूक व्हये होते, थंयच कळलां असतां."

पंप पुन्हा उतरवला. वरचं झाकण उघडून बघत बघत चाक एक पूर्ण फेरा फिरवलं. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व बंद, आणि खूण काट्यासमोर, म्हणजे हाच खरा फेरा. मग पंप बसवला, हवा काढली, सेल्फ मारला. इंजिन एकदम धडधडून उठलं. सीटवर बसल्या बसल्या मी रडले.

पालखी वेळेत पोचली. गावात देवी नव्या पालखीतून आमच्या अंगणात नाचली.

परत आल्यावर ती बाई मला मासळीबाजारात भेटली. मी हात जोडले, तर ती गोंधळून हसली. "मी काय इचारलं व्हतं? मना नाय याद." मग माझ्यासाठी ताजे बांगडे निवडायला लागली.

तिला आठवत नाही, याचंच मला नवल वाटतं. देवीने काही केलं की नाही, याचा वाद मी घालत नाही. एवढंच झालंय की काम अडलं की आता मी एकटी कुढत बसत नाही. समोर जो कोणी असेल त्याला सगळं नीट सांगते, आणि तो जे विचारेल ते देवीनेच विचारलं असं मानून पुन्हा कामाला हात घालते.