पारबता आपली बांधी शोधते

उरकुडा कापगते आधीच सांगून ठेवतो, की हे कोणी मानणार नाही, आणि मानलंच तर तो माणूस आपल्या गावचा नसणार. तो हेही सांगतो की त्या दुपारी त्याच्या पोटात मोहाचा एक थेंबही नव्हता. भात होता आणि लाखोळीच्या डाळीचं वरण होतं, तेही इतकं पातळ की त्यात तोंड दिसावं.

तर श्रावण सरत आलेला आहे. उरकुडा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, पार टोकाला मोहाच्या झाडाला पाठ लावून बसला आहे. समोर त्याची बांधी, बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. धान मांडीला लागेल एवढं झालं आहे आणि त्याच्या ओळींमधून चाळीस बदकं चिखल चाळत हिंडताहेत. उरकुडाचे डोळे मिटायला आले आहेत, पण त्याला झोपायचं नाही. आजचा दिवस त्याला बदकं डोळे भरून पाहायची आहेत. उद्या पारबताचं वर्षश्राद्ध, आणि आज संध्याकाळच्या आत आमगावचा व्यापारी बदकं घेऊन जाणार आहे.

पारबता ही त्याची बायको. मरताना तिनं लेकाचा, हिरामणचा हात धरून एवढंच मागितलं होतं, की माझ्या वर्षश्राद्धाच्या आत ती बदकं बांधीतून काढ. त्याला कारण होतं. पहिल्या साली उरकुडानं कुठंसं ऐकून बदकं आणली आणि रोवणं, म्हणजे धानाची लावणी, झाल्यावर पाचव्याच दिवशी बांधीत सोडली. पऱ्ह्यांनी, म्हणजे कोवळ्या रोपांनी, मूळ धरायला पंधरा दिवस लागतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण उरकुडाला घाई. तासाभरात सगळं रोवणं उपटून पाण्यावर तरंगायला लागलं. मग साठीतली पारबता तीन दिवस कमरेत वाकून एकटीनं पुन्हा रोवत राहिली. उरकुडानं मदतीला हात पुढे केला की ती म्हणायची, "तुम्ही तुमच्या चाळीस बायका सांभाळा." दुसऱ्या साली ती खाटेला लागली, ती बांधीवर आलीच नाही. बदकांनी ती माती काय करून टाकली, हे तिनं पाहिलंच नाही.

उरकुडा हाच विचार करत असतो, तेवढ्यात बदकांचा आवाज बारीक होत जातो. आधी पाण्याचा होतो, मग बांगड्यांचा.

धुऱ्यावरून पारबता येते आहे. लुगडं वर खोचलेलं, हातात पऱ्ह्यांची पेंढी. ती उरकुडापाशी थांबत नाही. पुढे जाते, वळते, परत येते, डोळ्यांवर आडवा हात धरते.

"अजी, आपली बांधी कोणती?"

"हीच नाई का," उरकुडा म्हणतो.

"ही? ही कोणा दुसऱ्याची आहे. आपल्या बांधीत पाय टाकला का टाच फुटे."

"टाकून तं पाह्य."

ती पाय टाकते. पाय पोटरीपर्यंत आत जातो. ती घाबरून उरकुडाचा खांदा धरते. तिचा हात ओला आहे आणि जड आहे, जिवंतपणी होता त्याहून जड.

"हे काहून गिळून राहिलं मले?"

"गिळत नाई. माती मऊ झाली. आता वर्षभर गांडूळ निघते. युरियाचं पोतं मी दोन साल झाले आणलं नाई. बदकं चिखल हलवतात, तण खातात, त्यांची विष्ठा—"

"त्या रांडांचं नाव काढू नका," पारबता म्हणते आणि चुलीत फुंकर घालते.

चूल बांधीतच आहे. म्हणजे घर बांधीत आहे, की बांधी घरात आली, हे उरकुडाला कळत नाही. भिंतीला भिंत आहे, कोनाड्यात तिची तंबाखूची डबी आहे, आणि जमिनीवर घोट्याएवढं पाणी, त्यात ओळीनं उभं धान. उतरंडीच्या मागून एक बदक येतं, तिच्या पायाशी काहीतरी टिपतं आणि जातं. पारबता त्याला फुंकणीनं हाणायला जाते, पण हात अर्ध्यावर थांबतो.

"मी तीन दिवस रोवलं होतं ते कोठी आहे?" ती विचारते.

"कोणतं?"

"कोणतं म्हणजे? तुम्ही उपटवलं आन् मी रोवलं ते. तेच पाह्यला आली मी. दुसरं मले काही पाह्यचं नाई."

उरकुडा गडबडतो. "ते तं कापलं. तीन साल झाले."

"मंग?"

"मंग का. मळलं, कांडलं, खाल्लं."

"कोणी खाल्लं?"

"आपण सगळ्यांनी."

"मी बी?"

"तू बी."

चुलीतला धूर पाण्यावर पसरतो.

"गोड होतं का?"

उरकुडाला आठवत नाही. त्या साली तो मान खाली घालूनच जेवायचा. पण तो म्हणतो, "लय गोड होतं." आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात येतं, की माझं चुकलं एवढे दोन शब्द त्यानं तिला कधी म्हटले नव्हते. आता म्हणावे म्हणून तो तोंड उघडतो, तर पांढरा कोट घातलेला डॉक्टर ओठांवर बोट ठेवतो.

तालुक्याच्या दवाखान्याचा मोठा हॉल. पण खाटा नाहीत. खाटांच्या जागी लहान लहान बांध्या आहेत, प्रत्येकीच्या उशाशी सलाइनचा खांब. डॉक्टर उरकुडाच्या बांधीपाशी ओणवा झाला आहे आणि छातीला लावायची नळी चिखलाला लावून ऐकतो आहे.

"नातेवाईक कोण?" तो विचारतो.

"मी," उरकुडा म्हणतो.

"मी," पारबताही म्हणते.

डॉक्टर दोघांकडे पाहतो. "आणली तेव्हा दगड होती. आता आत हालचाल आहे. काय दिलं हिला?"

उरकुडा अभिमानानं सांगायला जातो, तर पारबता कोपर मारते. "काही दिलं नाई, डॉक्टरसाहेब. ही आमची नाई. यांचा गैरसमज झाला. आमची कडक आहे, वरून भेगा पडलेल्या, तुम्ही पुढच्या खाटेवर पाहा."

"अवो, हीच आहे," उरकुडा रडकुंडीला येतो. "पूर्वेला मोह, पश्चिमेला नाला. हे पाह्य, बांधाचा हा कोपरा तूच लिंपला, तुझी बोटं उमटली आहेत."

पारबता वाकून पाहते. मातीत पाच बोटांचे खड्डे आहेत. ती आपली बोटं त्यात घालते. बरोबर बसतात. तिचा चेहरा आणखीच गोंधळतो, जत्रेत लेकरू हरवलेल्या बाईसारखा.

"बोटं माझी आहेत," ती सावकाश म्हणते. "माती माझी नाई."

दवाखाना नाही. मोह आहे, धुरा आहे, भर दुपार आहे. ती बांधीच्या मधोमध उभी आहे आणि बदकं तिच्याभोवती अशी हिंडताहेत, जणू ती बांधावरचा खुंट. ती खाली वाकते, मूठभर चिखल काढते, नाकाशी नेते. बराच वेळ हुंगते.

"माझ्या माहेरची बोडी अशी वास मारे," ती म्हणते. "उन्हाळ्यात पाणी आटलं का आम्ही पोरी त्या गाळात लोळत होतो. बाप मारे."

"मंग राहू दे ना बदकं," उरकुडा घाईनं म्हणतो. "एवढं म्हण. हिरामणला मी सांगतो."

पण तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती येते, त्याचा हात उघडते, चिखल त्यात ठेवते आणि एकेक बोट मिटवते.

"ज्याची असेल त्याला नेऊन द्या," ती म्हणते. "आन् माझी बांधी सापडली का मले हाक मारा. मी पुढं पाहतो."

ती नाल्याच्या दिशेनं चालू लागते. उरकुडा उठू पाहतो, पण पाय उचलत नाहीत, आणि बांगड्यांचा आवाज वाढत वाढत बदकांच्या कालव्यात मिसळतो.

कालवा खराच आहे. उरकुडा डोळे उघडतो, तर हिरामण आणि आमगावचा व्यापारी बांबूच्या टोपल्यांत बदकं कोंबताहेत. अर्धी कोंबून झाली आहेत. सून वनमाला टोपल्यांची तोंडं सुतळीनं बांधते आहे.

उरकुडाची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. तो ती उघडतो. काळा, ओला चिखल, आणि त्यात दोन गांडुळं वळवळताहेत. तो आपले पाय पाहतो. कोरडे. धोतर कोरडं. बांधी तिथून दहा पावलं लांब.

"हिरामण," तो ओरडतो. "सोड ते. तुझी माय येऊन गेली."

हिरामणच्या हातातलं बदक हातातच राहतं. उरकुडा मूठ पुढे धरून उभा राहतो आणि सांगायला लागतो. जे झालं तेवढंच सांगावं, तर बदकं गेलीच म्हणून समजा. ती तर हो म्हणालीच नव्हती, ती बांधीच शोधत निघून गेली. म्हणून उरकुडा थोडं वाढवतो. मग आणखी थोडं.

"बांधीत उतरली. पोटरीपर्यंत पाय गेला. हसली. हा चिखल आपल्या हातानं माझ्या हातात दिला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हणाली, उरकुडा, माझं चुकलं. ही माती जिती झाली. उरकुडा, बदकं राहू दे, मी माझा शब्द परत घेतो."

व्यापारी टोपली खाली ठेवतो आणि अंगठ्यानं कपाळ पुसतो. हिरामणचे डोळे भरून येतात. तो हातातलं बदक सोडतो, मग बसतो आणि एकेका टोपलीची सुतळी तोडतो. बदकं पंख फडफडत पाण्यात पडतात आणि धानात शिरतात. आता त्यांना कापणीपर्यंत कोणी धरू शकणार नाही.

वनमाला सासऱ्याजवळ येते. त्याच्या तळहातावरचा चिखल दोन बोटांत घेऊन चोळते. मऊ आहे, लोण्यासारखा. गांडुळं पाहते. मग त्याचे कोरडे पाय पाहते, पुन्हा चिखल पाहते. तिलाही काही उलगडत नाही.

"मामाजी," ती म्हणते, "आईंनी तुमचं नाव घेतलं?"

"घेतलं ना. चांगलं दोनदा."

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं, तं आईंनी ह्यांच्याकडे, लेकाकडे, बोट दाखवलं, का तो सांगेल, पण नाव तोंडातून काढलं नाई. खोटं बोलून राहिले तुम्ही, मामाजी."